एनबीएनं नाही घेतलं, मग पुढे काय? वाचकांचे बास्केटबॉलचे प्रश्न

प्रश्न: माझा भाचा न्यू जर्सीत वाढलाय, तिकडच्याच एका छोट्या कॉलेजकडून चार वर्षं खेळला. एनबीएचं स्वप्न होतं पण ते काही जमलं नाही. आता जर्मनीतल्या खालच्या लीगमधल्या एका क्लबनं विचारलंय, पैसे बेताचेच आहेत. ताई-भाऊजी म्हणतात पुरे झालं, आता नोकरीला लाग. पोरगा मला फोन करतो, म्हणतो मामा तू सांग. परदेशात जाऊन खेळणं म्हणजे जे मागे राहिले त्यांचाच रस्ता असतो का?
(एक मामा, डोंबिवली)

उत्तर: नाही मामा, अजिबात नाही, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. आधी साधा हिशेब बघा. अमेरिकेत कॉलेजच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्येच पुरुषांच्या साडेतीनशेच्या वर टीम आहेत, प्रत्येकीत तेरा-पंधरा पोरं धरली तरी साडेचार-पाच हजार खेळाडू होतात, डिव्हिजन टू आणि थ्री वेगळ्याच. आणि एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात, नावं किती घेतात, तर दोन राउंड मिळून 60, त्यातही युरोप-ऑस्ट्रेलियातून आलेली पोरं असतात आणि कॉलेजची सगळी वर्षं पूर्ण न केलेलीही असतात. म्हणजे एनबीएत न जाणं हीच सर्वसाधारण गोष्ट आहे. उरलेल्या हजारोंपैकी ज्यांना कोणीतरी पैसे देऊन खेळायला बोलावतं ते खरंतर बऱ्याच वर पोचलेले असतात, पण घरच्यांना हे पटत नाही कारण आपल्याकडे बास्केटबॉल म्हणजे एनबीए एवढंच माहीत असतं.

भाच्याला काइल हाइन्सबद्दल विचारा, त्याला नाव माहीत असेल. हाइन्सही न्यू जर्सीचाच, सिकलरव्हिलचा. 2004 ते 2008 तो युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना ॲट ग्रीन्सबरोकडून खेळला. मायकल जॉर्डनचं कॉलेज ते चॅपेल हिलचं, हे त्याच राज्याच्या विद्यापीठ-समूहातलं वेगळं विद्यापीठ, बास्केटबॉलमध्ये फारसं नाव नसलेलं. चार वर्षांत त्यानं 2,000 च्या वर पॉइंट, 1,000 च्या वर रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि 300 च्या वर ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) केले. या तिन्ही गोष्टी एकत्र जमवणारे खेळाडू कॉलेज बास्केटबॉलच्या आख्ख्या इतिहासात बोटांवर मोजण्याइतके, आणि त्या यादीतली बाकीची नावं काय तर डेव्हिड रॉबिन्सन, अलोन्झो मॉर्निंग, टिम डंकनसारखी, पुढे एनबीएत गाजलेली. तरी झालं काय, की त्याच्या चार वर्षांत ग्रीन्सबरोची टीम एकदाही मार्चच्या एनसीएए (अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संघटना) स्पर्धेपर्यंत पोचली नाही, आणि अमेरिकेत टीव्हीवर बघितलं जातं ते मार्चमध्येच. त्यांच्याच कॉन्फरन्समधलं, म्हणजे कॉलेजांच्या गटातलं, डेव्हिडसन कॉलेज 2008 च्या मार्चमध्ये शेवटच्या आठात गेलं, तिथला एक सडपातळ पोरगा रातोरात सगळ्यांना माहीत झाला, तो स्टीफन करी. हाइन्सला कोण बघणार. त्यात उंची 198 सेंटिमीटर, म्हणजे साडेसहा फूट, आणि खेळतो सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा, टीममधला सहसा सगळ्यात उंच माणूस. एनबीएत त्या काळी सेंटर म्हटलं की सात फूट हा हिशेब. 2008 च्या ड्राफ्टमध्ये 60 नावं पुकारली गेली, त्याचं त्यात नव्हतं.

मग तो गेला इटलीला, आणि इटली म्हणजे मिलान किंवा बोलोन्या नाही तर वेरोली, रोमच्या दक्षिणेला फ्रोझिनोनेजवळचं डोंगरावरचं गाव, वस्ती वीसेक हजार. तिथली टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होती. तिथे तो दोन सीझन खेळला. मला स्वतःला त्याच्या पुढच्या सगळ्या ट्रॉफ्यांपेक्षा ही दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, कारण बाविशीचा पोरगा, डेव्हिड रॉबिन्सनच्या शेजारी नाव लागलेला, भाषा येत नाही, एनबीएचे स्काउट तिथे फिरकत नाहीत, आणि तरी रोज सकाळी प्रॅक्टिसला जायचं आणि शनिवार-रविवारी तितकंच अंग झोकून खेळायचं. भाच्याला जर्मनीत नेमकं हेच करायचंय, तेव्हा निर्णय घेताना ट्रॉफ्या डोळ्यांसमोर ठेवू नका, वेरोली ठेवा.

2010 ला तो जर्मनीतल्या बामबर्गला गेला. हे बव्हेरियातलं सत्तर-पंचाहत्तर हजार वस्तीचं जुनं शहर, पण बास्केटबॉलचं इतकं वेड की लोक त्याला फ्रीक सिटी म्हणतात. बामबर्गनं त्या वर्षी लीग आणि कप दोन्ही जिंकलं, हाइन्स फायनल सिरीजचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. शिवाय बामबर्ग युरोलीगमध्ये होती, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात वरच्या क्लब स्पर्धेत, त्यामुळे मोठ्या क्लबांनी त्याला प्रत्यक्ष समोर खेळताना बघितलं. वर्षभरात ग्रीसच्या ऑलिंपियाकोसनं उचललं.

2011 चा तो उन्हाळा ग्रीसमध्ये फार वाईट होता, देश कर्जात बुडालेला, ऑलिंपियाकोसनं बजेट कापलं, तेओदोसिच आणि पापालुकाससारखे मोठे खेळाडू निघून गेले. उरला स्टार खेळाडू स्पानुलिस आणि त्याच्याभोवती तरुण आणि त्यामानानं स्वस्त पोरं, हाइन्स त्यातलाच. या टीमकडून कोणाला काही अपेक्षा नव्हती. मे 2012 मध्ये इस्तंबूलला युरोलीगची फायनल, समोर मॉस्कोची सीएसकेए, त्यांच्याकडे किरिलेंको, कृस्तिच, आणि तोच तेओदोसिच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सीएसकेए 53-34 नं पुढे होती, 19 पॉइंटची लीड, आणि युरोपात मॅच 40 मिनिटांचीच असते त्यामुळे 19 म्हणजे संपल्यातच जमा. तिथून ऑलिंपियाकोस इंचाइंचानं परत आली. शेवटी सीएसकेए एका पॉइंटनं पुढे, दहाएक सेकंद बाकी, शिस्काउस्कससारखा अनुभवी माणूस फ्री थ्रो लाइनवर, आणि त्यानं दोन्ही थ्रो घालवले. स्पानुलिस बॉल घेऊन आत घुसला, डिफेन्स त्याच्याकडे ओढला गेला, त्यानं प्रिंतेझिसला पास दिला आणि प्रिंतेझिसनं एका हातानं बॉल हवेत सोडला. तो आत पडला तेव्हा घड्याळात 0.7 सेकंद उरले होते. 62-61. ही मॅच मी अजूनही अधूनमधून लावून बघतो आणि दर वेळी शिस्काउस्कससाठी पोटात कालवतं.

पुढच्या वर्षी लंडनला रेआल माद्रिदला 100-88 नं हरवून ऑलिंपियाकोस परत चॅम्पियन. मग 2013 ला सीएसकेएनंच हाइन्सला मॉस्कोला नेलं, तिथे तो सात सीझन राहिला, आणखी दोन युरोलीग, 2016 ला बर्लिनमध्ये फेनरबाचेविरुद्ध ओव्हरटाइममध्ये 101-96, 2019 ला स्पेनमधल्या व्हिटोरियात एफेसविरुद्ध 91-83. चार युरोलीग जिंकणारा तो पहिला अमेरिकन. 2020 ला मिलानला गेला, तिथे 2022, 2023, 2024 अशा लागोपाठ तीन इटालियन लीग जिंकल्या आणि 2024 च्या उन्हाळ्यात रिटायर झाला. 2012 पासून 2021 पर्यंत युरोलीगच्या जेवढ्या फायनल फोर (शेवटच्या चार टीमचा टप्पा) झाल्या, 2020 ची कोविडमुळे झाली नाही, त्या सगळ्याच्या सगळ्या नऊ तो खेळला. युरोलीगच्या 2010-20 च्या ऑल-डिकेड टीममध्ये त्याचं नाव आहे. आणि एनबीएची एकही ऑफिशियल मॅच नाही. हे करिअर मागे राहिलेल्याचं म्हणाल का, मी तरी नाही म्हणणार.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ताई मला बोल लावतील. हाइन्ससारखं सगळ्यांचं होत नाही. बहुतेक पोरं दोन-तीन सीझन खेळतात, दोन-तीन देश फिरतात आणि घरी परततात. खालच्या लीगमध्ये प्रत्येक टीमला परदेशी खेळाडू मोजकेच घेता येतात, त्यामुळे क्लबची अपेक्षा असते की आम्ही बाहेरून आणलाय म्हणजे यानंच पॉइंट करायचे. सुरुवातीच्या पाच-सहा मॅच वाईट गेल्या की नोव्हेंबरमध्ये घरचं तिकीट हातात देतात. आणि तो नोव्हेंबर नुसता एकटेपणाचाच फार जड असतो, दुपारी साडेचारला अंधार पडतो, दुकानं रविवारी बंद, टीममधली बाकीची पोरं प्रॅक्टिसनंतर आपापल्या घरी. भाच्याला फोन करायचा तर तेव्हा नियमित करत जा.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, त्याला जाऊ द्या, आणि दोन सीझनची मोकळीक द्या. डिग्री हातात आहे, नोकरी चोविसाव्या वर्षीही मिळेल, पण पाय बाविसाव्या वर्षीच बाविशीचे असतात. दोन वर्षांनी तो वरच्या लीगमध्ये गेलेला असेल किंवा त्याचं त्यालाच कळलेलं असेल, आणि मग घरी यायचं ठरवलं तरी ते त्यानं ठरवलेलं असेल.

प्रश्न: मी नागपाड्याला पोरांना कोचिंग करतो. आमच्याकडे सहा-तीन, सहा-चारचा पोरगा आला की तो आपोआप सेंटर होतो आणि मग सिनियर नॅशनलला मोठ्या उंचीच्या टीमसमोर कमी पडतो. साडेसहा फुटाचा सेंटर युरोपात चालतो असं वाचलं, तो नेमकं करतो काय?
(एक कोच, मुंबई)

उत्तर: सर, तुमच्या प्रश्नातला पोरगा मी किती वेळा बघितलाय. हाइन्सचंच उदाहरण घेऊ, कारण युरोलीगचा बेस्ट डिफेंडर अवॉर्ड त्याला तीनदा मिळाला, 2016, 2018 आणि 2022 ला, तिसऱ्या वेळी तो पस्तिशीत होता.

त्याची एकच गोष्ट पोरांना व्हिडिओवर थांबवून थांबवून दाखवा. समोरच्या टीमचा गार्ड (बॉल हाताळणारा चपळ खेळाडू) बॉल घेऊन वर उभा आहे, त्यांचा सेंटर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे गार्डच्या डिफेंडरच्या वाटेत उभा राहतो. नेहमीचा सात फुटी सेंटर अशा वेळी मागे रिंगकडे सरकतो कारण गार्डसमोर त्याचे पाय चालत नाहीत, आणि मग गार्डला मोकळा शॉट मिळतो. हाइन्स सरकत नाही, तो स्विच करतो, म्हणजे सरळ गार्डवर जातो. गुडघे वाकलेले, कंबर खाली, एक हात शॉटच्या रेषेत आणि दुसरा पासच्या, पाऊल उचलून टाकत नाही तर घासत सरकवतो, छोटं छोटं. गार्डला वाटतं की सेंटर समोर आलाय, आता याला फिरवतो, म्हणून तो मागे जातो, ड्रिबल करतो, परत आत येतो, यात शॉट क्लॉकची 24 पैकी उरलेली सात-आठ सेकंदं जातात आणि शेवटी तोल गेलेला शॉट मारावा लागतो. समोरच्या टीमनं आखलेला सगळा डाव एका माणसाच्या पायांमुळे फुकट जातो.

मग तुम्ही विचाराल की स्विच झाल्यावर तिकडे त्यांच्या सात फुटी सेंटरचं काय, किंवा हाइन्सच्या अंगावर एखादा सात फुटी आला तर काय. तिथे तो बॉल यायच्या आधी काम करतो. मोठा माणूस ज्या जागेवर पाय रोवायला येतो तिथे हा आधीच पोचलेला असतो, त्याच्या मांडीला आपली मांडी लावून त्याला दीड-दोन फूट बाहेर ढकलतो, आणि बॉल हातात येईपर्यंत तो मोठा माणूस रिंगपासून इतका लांब असतो की उंचीचा फारसा उपयोग राहत नाही. हात लांब आहेत, वजन भरपूर आहे आणि गुरुत्वमध्य खाली, त्यामुळे हलत नाही. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांचीही मदत होते, एनबीएत डिफेंडरला कोणाला मार्क न करता पेंटमध्ये (रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात) तीन सेकंदांच्या वर उभं राहता येत नाही, फिबात ती अट नाही, त्यामुळे मागे मदतीला माणूस ठेवता येतो. शिवाय बॉल एकदा रिंगला लागला की फिबात कोणीही त्याला हात लावू शकतो, म्हणजे वेळेवर उडी मारणाऱ्या बुटक्या सेंटरला तिथेही संधी असते.

तुमच्या सहा-चारच्या पोराला मात्र बाराव्या-तेराव्या वर्षी रिंगखाली उभं करू नका, हात जोडून सांगतो. शाळेत तो सगळ्यात उंच असतो म्हणून स्पर्धा जिंकून देतो, कोच खूश, पण ड्रिबल शिकत नाही, बाहेरून शॉट शिकत नाही, गार्डसमोर पाय हलवायला शिकत नाही, आणि विशीत गेल्यावर कळतं की आता आपण उंचही नाही आणि गार्डही नाही. त्याला गार्डांबरोबर ड्रिल करायला लावा, गार्डवर डिफेन्स करायला लावा, एखादी इंटरस्कूल हरलात तरी चालेल.

प्रश्न: परदेशातल्या क्लबांमध्ये पगार वेळेवर मिळतो का? आमच्या ओळखीच्या एका मुलाला एका क्लबनं तीन महिने नुसतं झुलवत ठेवलं होतं.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: मोठ्या क्लबांत बहुतेक वेळा मिळतो, छोट्या क्लबांत आणि काही मोठ्यांतही उशीर होतो, हे या धंद्यातलं उघड सत्य आहे. खेळाडू सीझन अर्धवट सोडून घरी आल्याच्या कितीतरी घटना आहेत.

युरोपात कॉन्ट्रॅक्ट सहसा नेटमध्ये बोलतात, म्हणजे हातात पडणारा आकडा, टॅक्स क्लब भरतो, वर फ्लॅट, बऱ्याच ठिकाणी गाडी आणि येण्याजाण्याचं विमानाचं तिकीट. पैसे सीझनभर महिन्याच्या हप्त्यांनी. एजंटची फी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, ती बऱ्याचदा क्लब देतो, पण हे कागदावर लिहून घ्यायचं. टॅक्स भरल्याची पावती मागून घ्यायची, अमेरिकन नागरिक असेल तर जास्तच कारण त्याला परदेशातल्या कमाईचंही रिटर्न अमेरिकेत भरावं लागतं.

आणि एक क्लॉज मी कुठल्याही पोराला सोडू देणार नाही. वाद झाला तर तो बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलकडे, म्हणजे बास्केटबॉलच्या लवादाकडे जाईल, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. फिबानं 2007 ला हे ट्रिब्युनल सुरू केलं, जिनिव्हाला. यामुळे ग्रीसमध्ये पैसे बुडाले म्हणून ग्रीसच्या कोर्टात ग्रीक वकील लावून वर्षानुवर्षं बसायची वेळ येत नाही, कामकाज इंग्रजीत आणि बहुतेक सगळं लेखी चालतं. निकाल लागूनही क्लबनं पैसे दिले नाहीत तर फिबा त्या क्लबला परदेशातून नवीन खेळाडू घ्यायला बंदी घालू शकते, आणि क्लबला सगळ्यात जास्त तेच झोंबतं. हा क्लॉज नसेल तर ट्रिब्युनल केस घेऊच शकत नाही. तुमच्या ओळखीच्या मुलाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तो आहे का ते आजच बघायला सांगा, आणि पगार किती उशिरा आला, कधी मागितला, हे सगळं ईमेलवर ठेवायला सांगा, तोंडी काही नको. युरोलीगच्या खेळाडूंनी 2018 ला स्वतःची संघटना काढली, त्यात हाइन्सही पुढे होता, पण खालच्या लीगमधल्या पोरांच्या मागे असं कोणी उभं नसतं म्हणून कागद पक्का हवा.

प्रश्न: आता अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंनाच पैसे मिळतात म्हणे, मग परदेशात कोण जाणार?
(एक वाचक, संभाजीनगर)

उत्तर: खरं आहे. जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातीतून वगैरे स्वतःच्या नावावर कमवता येतं, आणि 2025 पासून कॉलेजंही थेट पैसे वाटतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साडेवीस मिलियन डॉलरच्या आसपास मर्यादा होती. त्यामुळे उलटंच सुरू झालंय, सर्बिया, लिथुआनिया, स्पेनमधली एकोणीस-वीस वर्षांची पोरं युरोपातले क्लब सोडून अमेरिकन कॉलेजात चाललीयेत आणि तिकडचे कोच हैराण झालेत. पण कॉलेजची वर्षं कधीतरी संपतात. तेविसाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या हजारो पोरांसाठी एनबीएच्या जागा तेवढ्याच आहेत, त्यामुळे परदेशाचा रस्ता बंद होत नाही, फक्त तिथला पहिला पगार कॉलेजच्या कमाईपेक्षा कमी दिसणार आणि बऱ्याच जणांना ते पचवायला जड जाणार.

प्रश्न: आधी युरोप आणि मग एनबीए असं कोणी केलंय का? माझं वय सत्तरच्या पुढे आहे, आमच्या काळातलं कोणी असलं तर सांगा.
(एक आजोबा, सांगली)

उत्तर: आजोबा, तुमच्यासाठी बिल ब्रॅडली. प्रिन्स्टनचा, 1965 च्या एनसीएए स्पर्धेत तिसऱ्या जागेच्या मॅचमध्ये विचिटा स्टेटविरुद्ध 58 पॉइंट मारणारा. न्यूयॉर्क निक्स त्याला घ्यायला तयार बसले होते, पण तो ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला शिकायला गेला आणि तिथून विमानानं येऊन-जाऊन मिलानसाठी मॅच खेळायचा, 1966 ला मिलाननं युरोपियन कप जिंकला तो त्याच्या साथीनं. नंतर निक्सकडून 1970 आणि 1973 च्या दोन एनबीए चॅम्पियनशिप, आणि मग अठरा वर्षं न्यू जर्सीचा सिनेटर. मिलानचा हा तोच क्लब, जिथे पन्नासेक वर्षांनी हाइन्स गेला.

प्रश्न: मी एकोणीस वर्षांची आहे, पुण्यात कॉलेजकडून आणि राज्याकडून खेळते, उंची पाच-अकरा. तुम्ही सगळं मुलांबद्दलच लिहिता. मुलींनी परदेशात प्रोफेशनल खेळायचं म्हटलं तर कसं असतं?
(एक खेळाडू, पुणे)

उत्तर: तुझी तक्रार रास्त आहे. आणि खरं सांगू का, परदेशात जाऊन खेळणं ही गोष्ट मुलांपेक्षा मुलींच्या बास्केटबॉलमध्ये कितीतरी मोठी आहे. मुलगा एनबीएत गेला की त्याला युरोपची गरज उरत नाही. डब्ल्यूएनबीएतल्या (अमेरिकेतल्या मुलींच्या लीगमधल्या) सगळ्यात मोठ्या खेळाडू मात्र वर्षानुवर्षं उन्हाळ्यात अमेरिकेत आणि हिवाळ्यात रशिया, टर्की, चीनमध्ये खेळत आल्या, कारण जास्त पैसा तिकडे होता. डायना टॉरासी, युकॉनकडून (कनेक्टिकट विद्यापीठाकडून) तीन वेळा कॉलेज चॅम्पियन, तिनं 2015 चा डब्ल्यूएनबीए सीझन खेळलाच नाही कारण तिच्या रशियन क्लबनं, एकातेरिनबर्गनं, तिला उन्हाळ्यात विश्रांती घ्यायचे पैसे दिले. लीगची सगळ्यात मोठी खेळाडू घरी बसवायला परदेशी क्लब पैसे देतो, यावरून दोन्हीकडच्या तेव्हाच्या पगारातला फरक लक्षात येईल.

याची किंमत शरीरानं मोजावी लागते. ब्रिआना स्टुअर्ट, तीही युकॉनची, 2018 ची डब्ल्यूएनबीए एमव्हीपी, एप्रिल 2019 मध्ये रशियातल्या कुर्स्कच्या टीमकडून मुलींच्या युरोलीगची फायनल खेळताना तिचं टाचेमागचं अकिलीस टेंडन फाटलं आणि तो आख्खा अमेरिकन सीझन गेला. बारा महिने सतत खेळलं की टाच, गुडघा कुठेतरी तुटतंच. आणि ब्रिटनी ग्राइनरचं तर सगळ्या जगानं बघितलं, बेलर विद्यापीठाची ही खेळाडू एकातेरिनबर्गकडे खेळायला जात असताना फेब्रुवारी 2022 मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर सामानात गांजाच्या तेलाच्या व्हेप कार्ट्रिज सापडल्या म्हणून पकडली गेली, नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियन क्लब युरोपियन स्पर्धांतून बाहेरच गेले आणि खेळाडू टर्की, इटली, स्पेन, फ्रान्सकडे वळल्या, इस्तंबूलच्या फेनरबाचेनं 2023 आणि 2024 ला मुलींची युरोलीग जिंकली.

आता तुझं. आपल्याकडून बाहेर गेलेल्यांत केरळची गीतू ॲना जोस आहे, रेल्वेत होती, ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळली आणि 2011 मध्ये डब्ल्यूएनबीएच्या टीम्सच्या ट्रायआउटपर्यंत जाऊन आली. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना युनिव्हर्सिटीकडून डिव्हिजन वन खेळली. तुझ्याच शहरातल्या शिरीन लिमयेनं भारताची कॅप्टन्सी केलीये. पाच-अकरा ही उंची आपल्याकडे पोस्टमध्ये, म्हणजे रिंगखाली, ढकलतात, पण बाहेर ती गार्ड-फॉरवर्डची आहे, म्हणून बॉल हातात घेऊन खेळायची सवय आत्ताच लाव, वर नागपाड्याच्या सरांना जे सांगितलं ते तुलाही लागू आहे.

परदेशी क्लब किंवा कॉलेजचा कोच सगळ्यात आधी व्हिडिओ मागतो. बहुतेक मुली फक्त आपल्या बास्केटचा दोन मिनिटांचा गाण्यावर लावलेला व्हिडिओ पाठवतात, त्यात डिफेन्स दिसत नाही, चुकल्यावर तू परत धावतेस का ते दिसत नाही. तगड्या टीमविरुद्धच्या दोन-तीन पूर्ण मॅच एका कोपऱ्यातून, स्टँडवर कॅमेरा ठेवून, कट न करता रेकॉर्ड करून ठेव, स्वतः हरलेली मॅच असली तरी चालेल. अमेरिकन कॉलेज करायचं असेल तर वेळ थोडा आहे, बारावी झाल्यापासून किती वर्षं गेली, मार्कशीट कशा आहेत, कुठल्या स्पर्धेत पैसे घेऊन खेळलीस का, हे सगळं एनसीएए तपासते, म्हणून कुठल्याही लीगमध्ये मानधन घेण्याआधी विचारून घे. थेट क्लबकडे जायचं असेल तर एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला आपल्या फेडरेशनचं लेटर ऑफ क्लिअरन्स लागतं, ते आयत्या वेळी मागितलं तर सीझनची सुरुवात हातातून जाते. पासपोर्ट काढला नसशील तर या महिन्यातच अर्ज कर.